शेजारच्या सीटवरचा नकाशा

बाबांनी गाडीतल्या स्टँडवरून माझा फोन काढला, हात लांब करून पाहिला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ आणून पाहिला, आणि काही न बोलता परत स्टँडवर लावला. रस्ता सांगणारा आवाज बोलत राहिला. पुढचा तासभर बाबा काचेबाहेर बघत बसले होते.

झालं ते एवढंच. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. कारण गाडीत रस्ता सांगणं हे एके काळी बाबांचं काम होतं. स्वतः चालवत असले तरी पुढचं वळण त्यांना आधीच ठाऊक असायचं, आणि दुसरं कोणी चालवत असेल तर मांडीवर कागदी नकाशा उघडून ते शेजारी बसायचे. त्या नकाशाच्या घड्या इतक्या वेळा पडल्या होत्या की घडीवरची गावं पुसली गेली होती, आणि ती गावं बाबा पाठ म्हणायचे. आता त्यांच्या डोळ्याच्या पडद्याला सूज असते. लांबचं दिसतं, माणसं ओळखू येतात, पण बारीक अक्षरांच्या मधोमध डाग आल्यासारखं होतं. गाडी चालवणं त्यांनी स्वतःहून सोडलं. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. त्या दिवशी मात्र फोन परत लावताना त्यांचा हात जरा जास्तच हळू चालला, असं मला वाटलं.

आणि स्टँडच्या खालीच, डॅशबोर्डच्या मधोमध, सात इंचांचा पडदा उजळून बसला होता. गाडीबरोबर कंपनीतूनच आलेला. त्यावर रेडिओच्या स्टेशनचा आकडा होता, बाकी काही नाही. मी ठरवलं, फोनमधलं चित्र या पडद्यावर आणायचं. बाबांना दिसेल एवढं मोठं.

गाडी बाबांनीच घेतलेली, त्यामुळे तो पडदा आम्हाला नवा असल्यापासून माहीत होता. त्यात स्वतःचा नकाशा होता, मेमरी कार्डावर भरून दिलेला. सुरुवातीला त्याचं फार कौतुक झालं. मग बाहेर रस्ते बदलत गेले आणि कार्डावरचं जग होतं तिथेच थांबलं. नव्या रस्त्यावर गाडी आली की पडद्यावरचा बाण रस्ता सोडून कोऱ्या जागेतून सरळ पळत सुटायचा. गाडी दहा-पंधरा वर्षं चालवायची म्हणून घेतो, फोन तीन-चार वर्षांत बदलतो. या दोघांचं वय एकाच डॅशबोर्डवर जुळवायचं, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण रेडिओ ही गाडीतून काढता येणारी वस्तू होती. रेडिओसाठी डॅशबोर्डमध्ये ठेवायच्या खाचेचं माप ठरलेलं होतं, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. दुप्पट उंचीची खाच असेल तर १८० बाय १००. जुना काढा, कोणत्याही कंपनीचा नवा सरकवा. मग पडदे मोठे झाले, डॅशबोर्डच्या साच्यातच ओतल्यासारखे बसवले जाऊ लागले, आणि एसीचं तापमान, मागचा कॅमेरा, पार्किंगचे सेन्सर, गाडीची सेटिंग्ज हे सगळं त्याच पडद्याच्या ताब्यात गेलं. आता स्टिरिओ बदलायचा म्हणजे गाडीचा एक अवयव बदलणं. आमचा पडदा असाच होता. त्याला हात न लावता त्याच्यात नवं चित्र आणायचं होतं.

पहिला प्रयत्न कोणीही करेल तोच केला, यूएसबीची वायर जोडली. गाडीने फोन ओळखला आणि विचारलं, गाणी लावू का? बराच वेळ माझी समजूत होती की यूएसबी आहे म्हणजे त्यातून चित्रही जात असणार, फक्त कुठलं तरी सेटिंग राहिलंय. तसं नाही. त्या स्टिरिओच्या लेखी यूएसबीच्या दुसऱ्या टोकाला गाण्यांचा डबा असतो. चित्र घ्यायचं असेल तर दोन्ही बाजूंना एकच बोली यायला हवी, आणि ती बोली वायरमध्ये नसते, वायरच्या दोन टोकांवरच्या सॉफ्टवेअरमध्ये असते.

गंमत म्हणजे आमच्या गाडीला अशी एक बोली येत होती. मेन्यूच्या एका कोपऱ्यात मिररलिंक असं लिहिलेलं होतं, आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी ते उघडून पाहिलं नव्हतं. शोधत गेले तेव्हा त्याचा वंश कळला. नोकियाने टर्मिनल मोड नावाची एक पद्धत बांधली होती. २०११ मध्ये गाड्यांच्या आणि फोनच्या कंपन्यांनी मिळून कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्शियम स्थापन केलं आणि ती पद्धत मिररलिंक म्हणून पुढे नेली. तिच्या पोटात व्हीएनसी होतं, म्हणजे एका संगणकाचा पडदा दूरच्या दुसऱ्या संगणकावर बघण्याचं आणि तिथून चालवण्याचं जुनं, भरवशाचं तंत्र. चित्र फोनकडून गाडीकडे, बोटाचा स्पर्श गाडीकडून फोनकडे. मला हवं होतं ते हेच. फक्त माझ्या फोनला ते येत नव्हतं. ज्या मोठ्या कंपनीचे फोन ही बोली बोलायचे, त्या सॅमसंगनेही २०२० मध्ये ती सोडून दिली. मी तो मेन्यू दाबला तेव्हा पडद्यावर आलं, फोन जोडा. फोन जोडलेलाच होता. गाडी इतकी वर्षं हात पुढे करून उभी होती आणि तो हात हातात घेणारं आता कोणी उरलं नव्हतं. मला त्या मेन्यूबद्दल वाईट वाटलं, ते अजूनही वाटतं.

मग मी मागच्या दाराने शिरायचं ठरवलं. हे अगदी शब्दशः, कारण पडद्याला बाहेरचं चित्र घेण्याची एकच वाट उघडी होती, ती म्हणजे मागच्या कॅमेऱ्याची.

आता इथे एक साखळी तयार झाली. माझ्या फोनच्या टाइप-सी सॉकेटमधून चित्र बाहेर पडत नाही. सॉकेटचा आकार तोच असला तरी आत डिस्प्लेपोर्टची, म्हणजे वायरीतून चित्र बाहेर पाठवण्याची, सोय सगळ्या फोनमध्ये दिलेली नसते, हेही मला तेव्हाच कळलं. म्हणून फोनचं चित्र वाय-फायने पाठवायचं, मिराकास्टने. ही पद्धत २०१२ ची. फोन स्वतःच्या पडद्याचा व्हिडिओ तयार करतो, तो दाबून लहान करतो आणि हवेतून फेकतो. समोर एक बोटाएवढा डाँगल तो झेलतो आणि एचडीएमआयमधून बाहेर काढतो. एचडीएमआय गाडीला कळत नाही, म्हणून पुढे एक छोटा कन्व्हर्टर, जो त्याचं रूपांतर जुन्या टीव्हीच्या सिग्नलमध्ये करतो. त्याची पिवळी पिन कॅमेऱ्याच्या जागी. इतकी रूपांतरं करत चित्र अखेर पडद्यावर पोचतं.

गाडी उभी, इंजिन बंद, चावी ऑन, हँडब्रेक वर, गिअर रिव्हर्सला. बाबा शेजारी. चित्र आलं, पण काळंपांढरं आणि सतत वरून खाली सरकणारं. मी गडबडले. बाबा एकदम म्हणाले, "अगं, हे पाल-एनटीएससीचं आहे. आपला जुना व्हीसीआर असंच करायचा." कन्व्हर्टरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं बटण होतं, ते सरकवलं. चित्र थांबलं, रंग भरले. पाल म्हणजे ६२५ ओळींचा टीव्ही आणि एनटीएससी म्हणजे ५२५ ओळींचा टीव्ही, यांचं भांडण, जे संपलं असं मी समजत होते, ते आमच्या गाडीत मागच्या कॅमेऱ्याच्या वायरीत जिवंत होतं. आणि ते ओळखणारा माणूस शेजारी बसलेला होता.

बाबा पुढे झुकले. बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "फोनवर जरा बरं दिसत होतं."

ते बरोबर होते, आणि का बरोबर होते हे मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं. सात इंच म्हणजे कर्ण. आमचा पडदा साधारण पंधरा सेंटिमीटर रुंद आणि नऊ सेंटिमीटर उंच. त्यावर ८०० गुणिले ४८० ठिपके. फोन साडेसहा इंचांचा, पण उभा आणि सडपातळ. तो उभाच्या उभा या पडद्यावर उमटवला की नऊ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम चार सेंटिमीटर रुंद एवढी पट्टी मधोमध येते, दोन्ही बाजूंना काळोख. म्हणजे फोनपेक्षा लहान. फोन आडवा केला तर चित्र पंधरा बाय सात सेंटिमीटरचं येतं, म्हणजे बरोबर फोनच्याच मापाचं. एवढा सगळा खटाटोप करून मी फोन पुन्हा फोनएवढाच केला होता, तोही लाखो ठिपके गाळून. फुल एचडी म्हटलं तर वीस लाखांहून जास्त ठिपके होतात, इथे पावणेचार लाखांच्या आसपास, आणि त्या टीव्हीच्या सिग्नलमध्ये तेही एकमेकांत मिसळलेले. गावांची नावं पाण्यात भिजलेल्या शाईसारखी दिसत होती.

हे मला आधी सुचायला हवं होतं असं आता वाटतं, पण फोनचा पडदा जसाच्या तसा दुसरीकडे दाखवण्याला मिररिंग म्हणतात, आणि त्या शब्दातच एक आश्वासन आहे. आपण धरून चालतो की मोठ्या आरशात मोठं दिसेल. आरसा काही मोठं करत नाही.

वाय-फायच्या वाटेत आणखी एक अडचण होती, उशिराची. फोनवर बोट फिरवलं की पडद्यावरचा नकाशा क्षणभर थांबून मग हलायचा. गाणं असेल तर एवढं चालतं. वळणाला नाही चालत. चित्राचं दाबणं आणि उलगडणं यात वेळ जातोच, आणि हे फक्त हवेतल्या चित्राचं नाही. २०१३ मध्ये पॅनिक या सॉफ्टवेअर कंपनीतल्या लोकांनी ॲपलचा एचडीएमआयचा ॲडॅप्टर, चित्रात बारीक खोट का दिसते म्हणून, करवतीने कापून पाहिला. त्या इवल्याशा प्लास्टिकच्या आत एक पूर्ण प्रोसेसर आणि २५६ एमबी मेमरी निघाली. वायर म्हणून आपण जी हातात धरतो ती कधी कधी एक आख्खा संगणक असते. हे वाचून मला फार आनंद झाला होता, कामाचं काही नसताना.

या प्रयत्नांच्या काळात मला मिळालेल्या सल्ल्यांबद्दल एकदा स्पष्ट लिहायचं आहे. कॅमेऱ्याची वाट फक्त रिव्हर्स गिअरमध्ये उघडते, तर त्या वायरीला कायमचे बारा व्होल्ट देऊन टाक, असं मला एकाहून जास्त जणांनी सांगितलं. म्हणजे गाडी पुढे पळत असताना पडद्याला पटवून द्यायचं की आपण मागे चाललो आहोत. तसंच हँडब्रेकची वायर. गाडी उभी असतानाच व्हिडिओ दिसावा म्हणून ती स्टिरिओला जोडलेली असते, आणि ती गाडीच्या लोखंडी बॉडीला कायमची जोडून टाकणं, म्हणजे हँडब्रेक सतत ओढलेलाच आहे असं भासवणं, ही पडद्याचं काम करणाऱ्यांत सर्रास चालणारी गोष्ट आहे. मी दोन्ही केलं नाही. गाडीशी तिच्या गिअरबद्दल आणि ब्रेकबद्दल खोटं बोलू नये असं मला मनापासून वाटतं. आणि ज्या दिवशी खरंच मागे जायचं असेल, मागे एखादं मूल उभं असेल, त्या दिवशी त्या पडद्यावर नकाशा असून कसं चालेल?

तरी मिररिंग मी सोडून दिलं ते या कशामुळेही नाही.

दुसऱ्या रविवारी पुन्हा गाडी उभी करून मी जोडणी तपासत होते. फोन आडवा, अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करून. बाबा चष्मा पुसून बसलेले. नकाशा बऱ्यापैकी दिसायला लागला होता. तेवढ्यात वरून एक पट्टी खाली सरकली आणि पडद्यावर आलं, तुमचा थायरॉइडचा रिपोर्ट तयार आहे.

अक्षरं मीच मोठी केलेली होती. बाबांनी ती सहज वाचली.

मी त्यांना तपासणीचं सांगितलं नव्हतं. गंभीर काही नव्हतं, पण बाबा काळजी करतात, रात्री उठून बसतात. म्हणून ठरवलं होतं की रिपोर्ट आल्यावर, चांगला असेल तर, सांगू.

"केव्हा केलीस तपासणी?"

"गुरुवारी."

"एकटी गेलीस?"

मी मान हलवली. बाबा पडद्याकडेच बघत होते. पट्टी निघून गेली होती, नकाशा परत आला होता. ते म्हणाले, "पुढच्या वेळी सांगत जा. मी नुसता शेजारी बसेन."

सूचना बंद ठेवता येतात, हे मला माहीत आहे. त्या दिवशी विसरले, दुसऱ्या दिवशी लक्षात ठेवलं असतं. पण मला त्या क्षणी जे दिसलं ते सेटिंगच्या पलीकडचं होतं. फोन ही एका माणसाची वस्तू आहे. तो तळहाताच्या मापाचा असतो, एकाच चेहऱ्याकडे तोंड करून असतो. गाडीचा पडदा दोन सीटच्या मध्ये असतो, मागच्या सीटवरूनही दिसतो. तो घरातल्या ओट्यासारखा सगळ्यांचा. एकाचं सगळंच्या सगळं दुसऱ्यावर ओतायचं, आणि त्यातलं काय ओतायचं हे कोणीच ठरवायचं नाही, याला मी इतके दिवस सोय म्हणत होते.

यानंतर मी वेगळ्या नजरेने वाचायला लागले आणि मला उशिरा कळलं की फोन गाडीच्या पडद्याला जोडण्याच्या दोन पद्धतींना, ॲपलच्या कारप्लेला आणि गूगलच्या अँड्रॉइड ऑटोला, मी चुकून मिररिंग समजत होते. पहिलं २०१४ मध्ये आलं, दुसरं २०१५ मध्ये गाड्यांत दिसू लागलं. बोलताना सगळे त्यालाही फोन पडद्यावर आला असंच म्हणतात. पण तिथे फोन आपल्या पडद्याची नक्कल पाठवत नाही. तो गाडीसाठी एक निराळं चित्र काढतो, गाडीच्या पडद्याच्या मापाचं, आडवं, हातभर अंतरावरून वाचता येतील अशा अक्षरांचं. हे दुसरं चित्र व्हिडिओसारखं वाहत गाडीकडे जातं. गाडीचा पडदा ते दाखवतो आणि बोट कुठे टेकलं एवढं परत कळवतो. फोनचा स्वतःचा पडदा तेव्हा बंदही असू शकतो. मेसेज आला तर कोणाचा आला ते कळतं, हवा असेल तर वाचून दाखवला जातो, मजकूर सगळ्यांसमोर पसरत नाही. ८०० गुणिले ४८० हा तर त्या चित्राचा एक ठरलेला आकारच आहे. म्हणजे आमच्या जुन्या पडद्याच्या बरोबर मापाचं चित्र काढायला माझा फोन पहिल्यापासून तयार होता.

पूर्वी मला यातल्या बंधनांचा राग यायचा. ठरावीकच ॲप्स, ठरावीकच यादी, चालू गाडीत व्हिडिओ नाही. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये गाडीतल्या पडद्यांसाठी काही मार्गदर्शक मापं घालून दिली. रस्त्यावरून नजर हटली तर एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि एक काम पुरं करायला अशा नजरा मिळून बारा सेकंदांच्या वर नकोत. दोन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. ताशी साठच्या वेगात तेवढ्यात गाडी तेहतीस मीटर गेलेली असते, कोणी न बघता. फोनचा आहे तसा पडदा डॅशबोर्डवर आणणं म्हणजे तळहातावर सावकाश बघण्यासाठी बनवलेली गोष्ट त्या दोन सेकंदांत कोंबणं. तो राग आता राहिला नाही.

बाकीचं काम मग एका दिवसात झालं. असे इंटरफेस बॉक्स मिळतात ज्यांना ही नवी बोली येते आणि जे स्टिरिओ आणि त्याचा पडदा यांना जोडणाऱ्या वायरीच्या मध्ये बसतात. एरवी ते मूळ चित्र जसंच्या तसं पुढे जाऊ देतात, आपण सांगितलं की फोनने गाडीसाठी काढलेलं चित्र लावतात, आणि रिव्हर्स पडला की सगळं सोडून कॅमेऱ्याला वाट देतात. गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये एकही कट नाही, सगळे कपलर, म्हणजे एकात एक अडकवायचे जोड. बसवणाऱ्या माणसाने आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग प्लास्टिकच्या पात्याने डॅशबोर्डची पट्टी कडेकडेने उचकटली, एकही ओरखडा येऊ न देता. इतक्या वर्षांची धूळ आत होती आणि एक जुनं पेनचं टोपण. पडद्यामागची वायर सुटताना आणि नव्या बॉक्सला लागताना जो टक्क आवाज झाला, त्याने मला हायसं वाटलं. आवाजासाठी त्या बॉक्सची वायर ऑक्समध्ये, म्हणजे स्टिरिओच्या बाहेरचा आवाज घेणाऱ्या सॉकेटमध्ये, द्यावी लागते, म्हणजे नकाशा ऐकायचा तर स्टिरिओ ऑक्सवर ठेवायचा. मूळ मेन्यू आणि फोन यांच्यात जा-ये करायला एक बटण दोन सेकंद दाबून धरायचं. आणि वायर चांगली लागते. चार्जिंगपुरती वायर असेल तर फोन चार्ज होत राहतो आणि पडदा वाट बघत राहतो, त्यात माझी एक संध्याकाळ गेली.

सगळ्यात आधी मी रिव्हर्स टाकून पाहिला. कॅमेरा लगेच आला. मग नकाशा.

मिररलिंकचा मेन्यू अजून तिथेच आहे. मी तो काढायला सांगितला नाही.

पहिल्यांदा लांब निघालो तेव्हा फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात होता, आडवा पडलेला, पडदा बंद. कप्प्यात त्याच्या खाली बाबांचा घड्यांचा नकाशा. रस्त्याला लागलो. रस्ता सांगणारा आवाज सुरू झाला. बाबांनी चष्मा लावला, मग काढला, मग तसाच हातात ठेवला. पडद्याच्या कडेला नकाशा मोठा करायचं अधिकचं चिन्ह असतं, ते त्यांनी बोटाने दाबलं. नकाशा मोठा झाला. आणखी एकदा दाबलं. मी समोर बघत होते, पण ते पुढे झुकले आहेत हे मला जाणवत होतं.

"पुढे दोन फाटे सोड," ते म्हणाले. "तिसरा आपला. आणि त्याच्या अलीकडे पूल आहे बघ, अरुंद असेल, वेग कमी ठेव."

पूल आला. खरंच अरुंद होता. समोरून एक ट्रक येत होता, मी थांबून त्याला जाऊ दिलं.

आवाजाने सांगितलं, पाचशे मीटरनंतर डावीकडे वळा.

"तो आवाज जरा कमी कर," बाबा म्हणाले. "मी सांगतोय ना."